अक्काला सांगितलेला अर्थ

आमच्या घरी मुलगी बघायला पाहुणे आले की चहा कोण नेणार, साडी कोणती नेसायची, यावर कधी वाद झाला नाही. वाद व्हायचा तो मामा कुठून आणायचा यावर. आमच्याकडं पाहुणा टेकला, पाणी प्याला, की पाऊसपाण्याच्याही आधी विचारतो, मामकूळ कुठलं? मुलीचा मामा म्हणजे तिच्या आईकडच्या माणसांची कबुली. लग्नात भटजी हाक मारतात, मामा मुलीला हाताला धरून अंतरपाटापाशी आणतो आणि अक्षता पडेपर्यंत तिच्या पाठीशी उभा राहतो. माझ्या थोरल्या बहिणीला, विमलअक्काला, मामा होता. चांगला धडधाकट होता, धावड्याला त्याचं बागायती रान होतं. तो आमचं तोंड बघत नव्हता, एवढीच अडचण होती.

माझी माय धावड्याच्या शेतकऱ्याची लेक आणि वडील, म्हणजे बापू, मेंढरं राखणाऱ्या घरातले. जातींची नावं मी मुद्दाम लिहीत नाही. नावं लिहिली की वाचणारा आधी आपली बाजू शोधतो आणि मग पुढचं धड वाचत नाही. उन्हाळ्यात रानं मोकळी झाली की शेतकरी आपल्या रानात मेंढरं बसवून घेत, जमिनीला फुकटचं खत मिळे. बापूंच्या वडिलांचा कळप दरसाल मायच्या वडिलांच्या रानात बसायचा. एका उन्हाळ्यात कळप उठला आणि त्याच्यामागं मायही उठून गेली. ती याबद्दल कधी बोलली नाही. मला हे सगळं बापूंच्या बहिणीनं, तेही हसत हसत, सांगितलं. मायचे वडील त्याच वर्षी गेले आणि खापर साहजिकच मायच्या डोक्यावर फुटलं. मामानं आल्यागेल्याला सांगून टाकलं की आपली बहीण मेली. अक्का दीड महिन्याची असताना माय तिला घेऊन एकदा धावड्याला गेली होती. कुणी दार उघडलं नाही. त्यानंतर तिनं त्या गावाचं नाव घेतलं नाही, मात्र त्या गावाची येसराची, भाजलेल्या धान्या-मसाल्याच्या पिठाची, आमटी ती जन्मभर करत राहिली.

राजूरच्या अलीकडं कोसभरावर, गावाबाहेरच्या बरडावर आमचं घर होतं. पत्र्याची एक खोली, पुढं कुडाचं सैपाकघर आणि बाजूला मेंढरांसाठी काट्यांचा वाडगा. कळप मोडून गेला होता, सहासात मेंढरं तेवढी उरली होती. बापू कुठंही जात असले तरी हातात लोकर आणि चाती असायची. चालता चालता सूत निघत राहायचं. बोलणं त्यांना जमत नसे. घरात भांडण झालं की चाती जोरात फिरे, त्यावरून आम्ही त्यांचा राग ओळखायचो. माय सकाळी भाकरी थापायची तिचा आवाज खालच्या वाटेपर्यंत जायचा. ज्वारी हायब्रीडची. गावरान ज्वारी पाहुण्यांसाठी एका मडक्यात जपून ठेवलेली असे. हायब्रीडची भाकरी गरम असतानाच खावी, गार झाली की तुकडा मोडताना दोन्ही हात लागतात. सोबत अंबाडीची भाजी किंवा कारळाची चटणी. आता शहरातले डॉक्टर मला ज्वारी खा म्हणून सांगतात, तेव्हा माझी चिडचिड होते.

तर हायब्रीड हा शब्द आमच्याकडं ज्वारीतून आला, कपाशीत स्थिरावला आणि तिथून माणसांवर आला. गावात आम्हा दोघी बहिणींना लोक हायब्रीड म्हणायचे. त्यात फारसा राग नसायचा, आणि तेच मला आता जास्त लागतं. शेळीला शेळी म्हणावं तितक्या सहज म्हणत. गावातल्या दादारावांच्या बियाण्याच्या प्लॉटवर माय, अक्का आणि शाळेला सुट्टी असली की मी, अशा तिघी क्रॉसिंगला जात होतो, तिथं मुकादमीण हजेरी घेताना ओरडायची, मेंढक्याच्या हायब्रीड आल्या का गं? आणि आम्ही ओ द्यायचो.

क्रॉसिंगचं काम ज्यांनी केलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. कपाशीच्या मादीच्या ओळी वेगळ्या आणि नराच्या वेगळ्या. दुपार कलली की मादीच्या ओळीतली उद्या उमलणारी कळी हुडकायची, अंगठ्याचं नख तिच्या बुडाशी गोल फिरवायचं आणि पाकळ्या, पुंकेसर सगळं एका पिळात काढून घ्यायचं. मधली नाजूक काडी तेवढी ठेवायची, तिला ओरखडा आला तरी कळी गेली. वर लाल कागदाची टोपी घालायची. दुसऱ्या दिवशी सकाळी नराचं फूल तोडून त्या काडीवर फिरवायचं आणि देठाला दोरा बांधायचा. हाताला पिवळी धूळ लागते ती जेवतानाही जात नाही. या कामासाठी बायका डाव्या-उजव्या अंगठ्याचं नख वाढवतात आणि बाकीची कापतात. अक्काचा हात सगळ्या प्लॉटवर नावाजलेला होता. तिनं काढलेली कळी कधी वाळून गळली नाही. कुणाच्या तरी बियाण्यासाठी ती दिवसाला शेकडो लग्नं लावत होती, आणि स्वतःचं जमत नव्हतं.

दोन स्थळं मामकुळावरून परत गेली होती. तिसरं परतूरकडचं होतं. मुलाबरोबर त्याचा चुलता आला, त्याला सगळे तात्या म्हणत. तेही बियाण्याचे प्लॉट करणारे. अक्कानं चहा ठेवला तेव्हा मुलानं तिच्या अंगठ्याकडं पाहिलं आणि आपला अंगठा थोडा वर केला. त्याचंही नख वाढवलेलं होतं. अक्का आत आली ती तोंडाला पदर लावून हसत होती. मी तिला तसं हसताना त्याआधी पाहिलं नव्हतं. बाहेर तात्यांनी मामकूळ विचारलं. बापूंची चाती थांबली. शेवटी मायनंच आतून खरं ते सांगितलं. तात्या रागावले नाहीत. चहा संपवला, बशी नीट खाली ठेवली आणि समजुतीच्या सुरात म्हणाले, "पोरगी लाखात एक हाय बापू. पण आमी बी प्लॉटवालेच हाओत. हायब्रीड एक साल लई चांगलं येतं. त्याचं बी घरात ठिवून पुन्ना कुनी पेरीत न्हाई."

शेतीच्या दृष्टीनं ते बोलले ते बराबर होतं. हायब्रीडचं बी राखून पेरलं तर पुढचं पीक एका मेळाचं येत नाही, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. उठताना, बहुधा मुलानं डोळ्यानं काही विनवलं असेल म्हणून, तात्या थांबले. मामा लग्नात उभा करा, म्हणाले, मग आमची ना नाही. दसऱ्यापर्यंत कळवा.

दसऱ्याला महिना होता. माय म्हणाली, त्या दारात मी पुन्हा जाणार नाही, गेले तरी माझ्यासाठी ते उघडणार नाही. बापू चाती घेऊन मेंढरांकडं गेले. अक्कानं त्या दिवसापासून जेवण टाकलं. भांडण नाही, रडणं नाही. ताटावर बसायची, भाकरीचा तुकडा मोडायची आणि ताट मेंढरांपुढं ठेवायची. प्लॉटवर तिच्या ओळीतल्या कळ्या राहून जायला लागल्या, सकाळी त्या उमललेल्या सापडत आणि मुकादमीण शिव्या देत त्या तोडून टाकी. प्लॉटच्या कडेला विहीर होती, बांधलेली, पण कठडा नसलेली. अक्का दुपारच्या सुट्टीत तिथं जाऊन बसायला लागली. चौथ्या दिवशी मायनं माझी शाळा काही दिवसांपुरती बंद केली. मी तेव्हा नववीत होते. माय म्हणाली, तुझी बहीण जाईल तिथं जायचं, परसाकडं गेली तरी. मग मीही विहिरीवर बसायला लागले, तिचा पदर माझ्या मुठीत धरून. तिला ते समजत होतं. एकदा ती पाण्याकडं बघत म्हणाली, "सुमे, माझं बी पेरीत न्हाईत म्हने. मंग मी आले कशाला?"

माझ्या डोक्यात तेव्हा एकच खूळ बसलं होतं. हायब्रीड हा शब्द इंग्रजी आहे. इंग्रजीतलं सगळं मोठं, शुद्ध आणि साहेबाचं असतं अशी माझी ठाम समजूत होती. तेव्हा या शब्दाचाही मुळात काहीतरी मानाचा अर्थ असणार, आमच्या लोकांनी तो नासवला असणार. तो अर्थ सापडला की अक्का जेवेल. संकष्टी चतुर्थीला राजूरच्या गणपतीला जाते म्हणून मी मायकडून सुटका करून घेतली, अक्काला तिच्या ताब्यात दिलं आणि गर्दीबरोबर चालत गेले. देवळात गेलेच नाही. आमच्या शाळेचे इंग्रजीचे सर देवळामागच्या गल्लीत राहायचे. त्यांच्याकडं जाडजूड शब्दकोश होता, वर्गात ते त्याचं नाव घेत तसं मी कुणाला देवाचंही घेताना ऐकलं नव्हतं. मी कशासाठी आले हे त्यांनी विचारलं नाही. मुलगी शब्दाचा उगम विचारायला चतुर्थीच्या दिवशी एवढी चालत आली, याचाच त्यांना आनंद झाला होता. चष्मा पुसून त्यांनी पान काढलं आणि मोठ्यानं वाचलं, मग मराठीत सांगितलं. फार जुना शब्द आहे, लॅटिनमधला. पाळीव डुकरीण आणि रानडुक्कर यांचं जे पिल्लू होतं त्याला हा शब्द होता. पुढं रोमन बाप आणि परक्या मुलखातली आई, किंवा मालक आणि गुलाम यांच्या लेकराला म्हणू लागले. आणि मग कुठल्याही दोन वेगळ्या गोष्टींच्या मिळून झालेल्या तिसरीला. बघ, सर म्हणाले, शब्द किती लांबून चालत येतात.

मी विचारलं, सर, आणखी एखादा अर्थ नाही का? त्यांनी पुन्हा पानावर बोट फिरवलं आणि नाही म्हणाले. तेव्हा कुठं त्यांनी माझ्या तोंडाकडं पाहिलं. त्यांना गावातली भाषा ठाऊक होती. शब्दकोश मिटून ते आत गेले आणि मला खायला मोदक आणून दिला. मी पुढं तीसेक वर्षं इंग्रजी शिकवलं, मुलांना शब्दांचे उगम सांगितले, कारण ते सांगितले की शब्द डोक्यात पक्का बसतो. हा एक शब्द मी कायम टाळला.

परतीच्या वाटेवर मी काय केलं ते सरळ लिहिते. मी अर्थ तयार केला. मग प्लॉटवर जाऊन विहिरीच्या कडेला अक्काजवळ बसले आणि म्हणाले की शब्दकोशात पाहिलं, सरांनी स्वतः वाचून दाखवलं. जुन्या काळी रोम नावाच्या राज्यात दोन घराण्यांचं पिढ्यान्‌पिढ्या वैर असलं की त्यांच्यात सोयरीक करत. त्यातून जी लेक जन्मायची तिला हायब्रीड म्हणायचे. तिच्यामुळं वैर संपायचं. म्हणून सगळ्या गावाची पहिली पेरणी तिच्या हातून करून घेत. अक्काला अक्षर ओळखता येत नव्हतं. तिच्या वाट्याची शाळा माझ्या पाळण्याची दोरी ओढण्यात गेली होती. तिनं दोनदा विचारलं, पुस्तकात असं लिहिलंय? मी दोन्ही वेळा हो म्हणाले. तिनं ते पुन्हा सांगायला लावलं. त्या संध्याकाळी तिनं दीड भाकरी खाल्ली आणि मायनं भिंतीकडं तोंड करून डोळे पुसले. मला इतका आनंद झाला होता की खोटं बोलल्याची आठवणसुद्धा राहिली नाही.

आठ दिवस घर पुन्हा घरासारखं झालं. नवव्या दिवशी अक्का केस विंचरता विंचरता म्हणाली, "हे मामाला कुनी सांगितलंच नसंल. त्याला ठावं असतं तर त्यो असा वागला नस्ता." मी म्हणाले, मामा काय ऐकणार, राहू दे. ती म्हणाली, तू चल, तू शिकलेली आहेस. मायला आम्ही भोकरदनच्या बाजाराला जातो म्हणून सांगितलं. भोकरदनला यष्टी बदलली. मी खिडकीशी बसले होते आणि दर फाट्याला ठरवत होते की आता सांगते. अक्कानं स्वतःच्या लग्नात नेसेन म्हणून ठेवलेली साडी नेसली होती आणि ती ओठातल्या ओठात तो माझा अर्थ पाठ करत होती. धावडा आलं तेव्हा मी सांगितलेलं नव्हतं.

मामाला मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. तो ओट्यावर दावं वळत बसला होता आणि मान एका बाजूला कलती ठेवण्याची त्याची लकब थेट मायची होती. अक्का पाया पडली. तिनं नाव सांगायच्या आत त्यानं ओळखलं असावं, कारण त्याच्या हातातलं दावं सुटलं. मी पळायच्या तयारीत होते. पण त्यानं हाकललं नाही. मामीला हाक मारून पाणी मागितलं आणि आम्हाला ओट्याच्या कडेला बसायला सांगितलं. मग दाव्याकडंच बघत त्यानं विचारलं, "माय कशी हाय तुमची? तिचा दमा गेला का?" मायला दमा होता हे त्याच्या ध्यानात होतं. अक्का म्हणाली, बरी आहे. मामीनं चहाचं आधण ठेवलं. मला आजही वाटतं, तेव्हा अक्का नुसती म्हणाली असती की मामा, माझ्या लग्नात उभे राहा, तर तो राहिला असता. निदान विचार करून सांगतो म्हणाला असता. त्या माणसाचा आवाज तसा लागला होता.

पण अक्काकडं त्याहून मोठी गोष्ट होती. ती सरसावून बसली आणि माझ्याकडं एकदा पाहून तिनं सगळं सांगितलं. रोम, वैर, सोयरीक, पहिली पेरणी. एकही शब्द चुकली नाही. मामाचा थोरला मुलगा कृषी कॉलेजात शिकत होता, सुट्टीला आला होता आणि दारात उभा राहून ऐकत होता. तो हसला. वाईट मुलगा नव्हता, एखाद्याचं गणित चुकलं की हुशार मुलं हसतात तसा हसला. "आसं कुठं हाय? आमच्या पुस्तकात पयल्याच पानावर हाय ते. डुकराच्या पिल्लाला म्हंत्यात हायब्रीड." मामी तोंडाला पदर लावून आत वळली आणि आतून तिच्या हसण्याचा आवाज आला. अक्कानं मान वळवून माझ्याकडं पाहिलं. मी मान खाली घातली. तिला तेवढं पुरलं.

मामा हसला नाही. पण कुणीतरी आपल्याला काहीतरी गुंडाळून द्यायला आलं होतं, असं त्याला वाटलं असावं. शिकून सवरून आलेल्या भाच्या, थोरामोठ्यांची गोष्ट रचून आणलेल्या. आणि त्याच्या मुलासमोर, बायकोसमोर तो ती ऐकत बसला होता. त्यानं दावं उचललं. "जावा आता," तो म्हणाला, "यष्टी चुकंल." चहा चुलीवर उकळत होता तो आम्हाला कुणी दिला नाही. करायला गेले गणपती आणि झाला मारुती असं लोक म्हणतात, माझ्या हातून तर मारुतीही धड झाला नाही.

धावड्याच्या फाट्यावर यष्टीची वाट बघत उभ्या होतो. रस्त्यापलीकडं कुणाची तरी विहीर होती आणि मी अक्काचा हात दोन्ही हातांनी धरला होता. ती म्हणाली, "सोड. जीव देत न्हाई मी. खरा अर्थ काय हाय ते सांग." मी म्हणाले, अक्का, राहू दे ना. ती म्हणाली, "सगळा सांग. गाळू नको." मग मी सांगितला. डुकरीण सांगितली, रानडुक्कर सांगितलं, परक्या मुलखातली आई सांगितली, गुलाम सांगितला. रडत रडत सांगितला. ती रस्त्याकडं बघत ऐकत होती. संपल्यावर तिनं विचारलं, आणखी काही आहे? मी नाही म्हणाले. यष्टीत जागा भरपूर होती, पण ती पुढं बायकांत जाऊन बसली आणि मी मागं एकटी. दसरा झाला. परतूरला कुणी काही कळवलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात अक्काचं लग्न बदनापूरकडच्या एका बिजवराशी झालं. दोन लेकरं होती त्याला, धाकटं अजून रांगत होतं. बिजवराच्या घरचे मामकूळ विचारत नाहीत, त्यांना घर सांभाळणारं माणूस हवं असतं. मांडवात भटजींनी रीतीप्रमाणं मामाला हाक मारली, मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं. बापू बसल्या जागी नुसते हलले. दुसऱ्यांदा हाक द्यायची वेळ अक्कानं येऊ दिली नाही. एकटीच चालत अंतरपाटापाशी आली आणि तिच्या पाठीमागची जागा अक्षता पडेपर्यंत तशीच राहिली. मी ती भरायला पुढं झाले होते. तिनं मान न वळवता, हातानंच मला थांबवलं.

तिनं संसार चांगला केला. सावत्र लेकरांनी तिला आईच मानलं. माझ्याशी तिनं कधी भांडण काढलं नाही, माझ्या लग्नात राबली, माझी बाळंतपणं केली. कुणाला सांगितलं तर माझी तक्रारच पटायची नाही. फक्त त्या दिवसानंतर तिनं मला कधी काही वाचायला सांगितलं नाही. पत्रं आली की शेजारणीकडं न्यायची. मी घरात बसलेली असताना न्यायची. मी इंग्रजीची बाई झाले, लोक लांबून माझ्याकडं कागद घेऊन यायचे, आणि माझी सख्खी बहीण विजेचं बिल घेऊन वाण्याकडं जायची.

मागच्या महिन्यात तिला जालन्याला दवाखान्यात दाखवलं. तपासणीचा कागद पाकिटातून आला, सगळा इंग्रजीत. ती खाटेवर बसली होती, मी शेजारी. मी हात पुढं केला आणि म्हणाले, दे अक्का, मी वाचते. तिनं पाकीट माझ्याकडं दिलं नाही. दारातून जाणाऱ्या नर्सबाईला हाक मारली आणि तिच्या हातात ठेवलं. मग माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाली, "तू राहू दी, सुमे. तुला माझा लई कळवळा हाय. तू मला बरं वाटंल तेच वाचशील."

नर्सबाई कागद उलगडत होती. आणि खरं सांगायचं तर, काय सांगायचं ते मी पाकीट बघताच ठरवून टाकलं होतं.